घाट उतरणाऱ्या गाडीची उष्णता जाते कुठे?

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. चार माणसं आणि त्यांचं सामान धरून हॅचबॅकचं वजन 1200 किलो मानलं, तर एवढी उंची उतरताना तिच्याजवळची सुमारे 65 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. 20 लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. तिच्यातला काही भाग वारा आणि टायर खातात. चालकाने खालचा गिअर धरून ठेवला असेल तर बराचसा भाग इंजिनही अंगावर घेतं. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग पुढच्या दोन चाकांमागे बसलेल्या, छोट्या ताटाएवढ्या दोन बिडाच्या डिस्कमध्ये उतरतो. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलेल्या गाड्यांभोवती जो जळका वास घुटमळतो, तो याच हिशेबाचा असतो.

सपाट रस्त्यावरचा हिशेबही करून बघू. तीच गाडी ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर साडेचार लाखांहून थोडे अधिक ज्यूल बाहेर पडतात. ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे साधारण 70 टक्के काम पुढचे ब्रेक करतात. एका डिस्कचं वजन 5 किलो धरलं, तर अशा एका थांबण्याने ती 60 ते 65 अंशांनी तापते. एकदाच थांबलात तर काही बिघडत नाही. तिला निवायला वेळ न देता लागोपाठ पाच-सहा वेळा थांबवलंत, की पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल यांची खरी परीक्षा सुरू होते. ब्रेकच्या कुठल्याही भागावर पैसे घालण्याआधी हा हिशेब मनात पक्का हवा. दुकानात ब्रेक विकले जातात ते ताकदीच्या नावाने, आणि रस्त्यावरच्या गाडीची अडचण मात्र बहुतेक वेळा तापण्याची असते.

डिस्क ब्रेकचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांनी घासण्यासाठी तांबं वापरलं होतं, त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा येई. पुढची कित्येक दशकं मोटारींवर ड्रम ब्रेकचंच राज्य होतं. ड्रमची अडचण अशी, की तो बंद डबा असतो. आतली उष्णता सहज बाहेर पडत नाही, आणि तापलेला ड्रम फुगून आतल्या लायनरपासून दूर सरकतो. मग पेडल खोल खोल जायला लागतं. डिस्क उघड्या हवेत फिरते आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. 1953 साली ल मां इथल्या 24 तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. सरासरी वेग होता ताशी 170 किलोमीटरच्या आसपास. लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाशी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक मारायचा, आणि तेही फेरीमागून फेरी, दिवस-रात्र, हे त्यांना जमत होतं. दोनच वर्षांनी सित्रोएनच्या डीएस या घरगुती वापराच्या गाडीत पुढे डिस्क आल्या.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असते. पुढची डिस्क बहुधा दुपदरी असते. दोन पात्यांच्या मधल्या पोकळीतून हवा खेळते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. डिस्क असते राखाडी बिडाची. बिडात ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते उष्णता चटकन पसरवतात आणि कंपनंही जिरवतात. एवढ्या स्वस्तात हे काम इतकं चोख करणारा दुसरा धातू अजून सापडलेला नाही, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला, की पॅड बदलायचे. काही पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि किर्र असा बारीक आवाज सुरू होतो. रेडिओ लावून काचा बंद ठेवणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. थर पूर्ण संपला की पॅडमागची लोखंडी पाटी डिस्कला घासते, आणि थोडक्यात भागणारं काम डिस्कपर्यंत जातं. डिस्कची झीज सहसा कोणी मोजत नाही. तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. 20 मिलिमीटरची डिस्क बहुधा 18 वर बाद धरतात. मोजायला मायक्रोमीटर हवा. साधा व्हर्निअर कडेला उरलेल्या काठावर टेकतो आणि खरी झीज लपवतो.

जुने पॅड काढले की फेकून देऊ नका, चारही शेजारी मांडून बघा. एकाच चाकातला आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल, तर पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. पॅड एका बाजूला तिरका घासला असेल तरी रोख पिनांकडेच जातो. नुसते नवे पॅड टाकून गाडी हातात दिली, तर हा दोष तसाच राहतो आणि नवे पॅडही तशाच रीतीने संपतात.

आता स्टिअरिंगच्या थरथरीकडे येऊ. ताशी 80-90 वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि गॅरेजमध्ये निदान होतं, ‘डिस्क वाकली.’ डिस्क खरोखर वाकणं रस्त्यावरच्या गाडीत क्वचितच घडतं. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. फरक असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, पण फिरताना पॅड त्या जाड-पातळ जागांवरून दर फेरीला वर-खाली होतात आणि ते पायाला, हाताला कळतं. हा फरक येतो दोन वाटांनी. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरून गाडी उभी ठेवली, की पॅडचा माल त्या जागी चिकटतो. घाट उतरून टोलच्या रांगेत पाय ब्रेकवर ठेवून उभं राहिलं, की नेमकं हेच होतं. दुसरी वाट हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, गंजाची. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा असताना त्यावरच नवी डिस्क बसवली, तर ती केसभर तिरकी बसते. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. मात्र दर फेरीला तिची तीच जागा पॅडला पुसटशी घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. मग गिऱ्हाईक डिस्क बनवणाऱ्याला बोल लावतं, आणि तारेच्या ब्रशने दहा मिनिटं हब साफ न केल्याची गोष्ट कोणाला आठवतही नाही. कोकणात आणि किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेमुळे हा गंज जाड असतो. तिथे तर ब्रशनंतर पॉलिश पेपर मारून, डिस्क बसवल्यावर डायल गेजने तिची डगमग मोजूनच पुढे जावं. बाहेरच्या कडेजवळ ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत असली पाहिजे.

प्रत्यक्ष कामाची रीत अवघड नाही. ब्रेक हा मात्र जिवाशी गाठ असलेला भाग आहे, तेव्हा पहिल्यांदा करताना शेजारी जाणता माणूस हवा. गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावायचे. चाकाचे नट जमिनीवरच ढिले करायचे आणि मग जॅक. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. कामासाठी गाडी स्टँडवरच टेकवायची, विटांच्या चळतीवर कधीच नाही.

चाक निघालं की कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट दिसतात. ते सोडवून कॅलिपर उचलायचा आणि तारेने वर स्प्रिंगला बांधून ठेवायचा. रबरी होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटू शकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग पॅड काढायचे, पॅड धरणारी ब्रॅकेट तिच्या दोन मोठ्या बोल्टांसकट काढायची, म्हणजे डिस्क मोकळी होते. गंजाने ती हबला धरून बसते. हातोडी उचलण्याआधी डिस्कच्या टोपीवर आटे असलेली दोन भोकं आहेत का ते बघा. अनेक जपानी बनावटीच्या गाड्यांत ती असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं, की डिस्क स्वतःच हबपासून सुटून पुढे येते. ब्रेकची काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धूळ पुसायची.

नवी डिस्क गंजू नये म्हणून तिला तेलाचा पातळ हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचा. पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पुसायचं आणि रबराला चालणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे ढकलायचा. तो मागे जाताना बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून आधी टाकी बघून घ्यायची. बाहेर सांडलेलं ब्रेक ऑइल गाडीचा रंग उचकटतं. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीत मागचा पिस्टन बहुधा नुसता ढकलून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. 2017 साली आलेल्या बलेनो आरएससारख्या मोजक्या हॅचबॅकमध्ये मागे डिस्क होत्या. पॅड आणि डिस्क नेहमी जोडीने बदलायचे. डावीकडे नवे आणि उजवीकडे जुने ठेवले, तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाते.

सगळं बसवून झालं, चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून झाले. आता इंजिन सुरू करून गाडी मागे घ्यायचा मोह होतो, आणि सगळ्यात मोठा धोका याच क्षणी असतो. पिस्टन आपण मागे ढकललेला आहे. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. पहिल्यांदा ब्रेक दाबाल तेव्हा पेडल थेट तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही. म्हणून गाडी उभी असतानाच पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचं, टाकीतली पातळी पुन्हा बघायची, आणि मगच गिअर टाकायचा. काम करणारा कितीही अनुभवी असो, गाडी ताब्यात घेणाऱ्याने हे स्वतःच्या पायाने तपासावं.

नवे पॅड आणि नवी डिस्क यांची घडी बसायला वेळ लागतो. पॅडच्या मालाचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो. ब्रेकची बरीचशी पकड या थरामुळे येते. मोकळा रस्ता बघून ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा झालं की पाच-सात किलोमीटर ब्रेक फारसा न लावता गाडी चालवायची, म्हणजे सगळं निवतं. याच काळात कोणी गाडी तापल्या ब्रेकनिशी सिग्नलला दाबून धरली, तर आधी सांगितलेली थरथर तो पहिल्याच दिवशी विकत घेतो.

ब्रेक ऑइलची कोणी विचारपूस करत नाही, आणि घाटात सगळ्यात भयानक दगा तेच देतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलला किमान 230 अंशांपर्यंत उकळी येता कामा नये, असा निकष आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 मध्ये हे आकडे 205 आणि 140 आहेत. कॅलिपरमधलं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं होऊन तळाला जातं. पॅड तापून पकड सुटते तेव्हा पेडल कडक राहतं आणि गाडी तेवढी थांबत नाही. ऑइल उकळतं तेव्हा पायाखालचं पेडलच नाहीसं होतं. हा फरक चालकाला ठाऊक असावा. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलणं आणि नळ्यांतली हवा काढणं हा मी सुचवू शकेन असा पहिला ‘अपग्रेड’ आहे, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे. गाडीला डॉट 3 सांगितलेलं असेल तर डॉट 4 घालता येतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

त्यानंतर क्रम लागतो पॅडचा. पॅडच्या कडेला छापलेल्या खुणांत इंग्रजी दोन अक्षरं शेजारीशेजारी असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. ‘एफएफ’ असेल तर गार आणि गरम दोन्ही अवस्थांत पकड त्याच पट्ट्यात राहते. ‘एफई’ असेल तर तापल्यावर ती उतरते. घाटात राहणाऱ्याने किंवा दर आठवड्याला कोकणात जाणाऱ्याने दुकानदाराला किंमत विचारण्याआधी हे दुसरं अक्षर बघावं. खोक्यावर नामांकित नाव आणि आत नकली माल हा प्रकार सुट्या भागांच्या बाजारात आहे, तेव्हा ओळखीच्या दुकानातून पक्की पावती घेऊनच पॅड घ्यावेत.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत, त्यांना वाट देण्यासाठी ती भोकं होती. आजच्या पॅडना त्याची गरज फारशी उरलेली नाही. भोकांमुळे डिस्कमधलं लोखंड कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी होते, आणि भोकांच्या कडेला तडे पडायला सुरुवात होते. खाचा असलेल्या डिस्क त्या मानाने बऱ्या. खाचा पॅडचं तोंड साफ ठेवतात, पण पॅड लवकर संपतात आणि किंचित आवाज येतो. रोजच्या गाडीला साधी, चांगल्या बनावटीची, गुळगुळीत डिस्क मला सगळ्यात पसंत आहे.

मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर यांच्याविषयी नीट बोलायला हवं, कारण तिथे पैसाही मोठा लागतो. 250 च्या जागी 280 मिलिमीटरची डिस्क आली, की पॅड केंद्रापासून लांब घासतो. तेवढाच पाय दाबून 13 टक्क्यांच्या आसपास जास्त पकड मिळते. डिस्क जड असल्याने तापतेही कमी. पण सुक्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर तुमच्या गाडीचं एबीएस आत्ताच फडफडत असेल, तर चाक अडवण्याएवढी ताकद ब्रेकमध्ये आधीपासून आहे. तिथून पुढे गाडी किती मीटरमध्ये थांबेल, हे टायर ठरवतात. चांगल्या टायरवर, सुक्या डांबरावर ताशी 100 वरून थांबायला साधारण 40 ते 45 मीटर लागतात, पायाला ब्रेकपर्यंत पोचायला लागणारा वेळ वेगळा. कडक झालेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर पावसात हा आकडा खूप वाढतो, आणि जगातला कुठलाही कॅलिपर तो कमी करू शकत नाही. शिवाय मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं, म्हणून पेडल खोल जातं. पुढच्या-मागच्या ब्रेकमधली कंपनीने बसवलेली वाटणी बिघडते. 14 इंची रिममध्ये तो कॅलिपर बहुधा मावतच नाही. कायद्याचाही प्रश्न आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच कॅलिपरवर विचारेल.

मोठ्या संचाला खरा अर्थ येतो तो कोइंबतूर किंवा चेन्नईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याच्या बाबतीत. तिथे दर मिनिटाला दोन-तीन वेळा पूर्ण जोराने ब्रेक लागतो आणि साध्या डिस्कला निवायला वेळच मिळत नाही. पण अशा चालकालाही आधी नवं डॉट 4 किंवा डॉट 5.1 ऑइल आणि जास्त उष्णतेचे पॅडच घ्यावे लागतात. ते पॅड गार असताना नीट पकडत नाहीत. पहाटे पार्किंगमधून बाहेर पडताना, समोर अचानक शाळेची रिक्षा आली तर, साध्या पॅडपेक्षाही ते कमी पडतात. म्हणून जाणते लोक ट्रॅकवर पोचल्यावर ते पॅड बसवतात आणि घरी निघण्याआधी रोजचे पुन्हा चढवतात.